श्निट्झेलवर शेजवान नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी पदार्थांना आपल्याकडचा मसाला लावून विकणाऱ्या हॉटेलांचं कौतुक करणारा लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण त्यातलं एक म्हणणं मला मुळीच पटलं नाही. परदेशी जेवण मुंबईत टिकायचं असेल तर ते आपल्या जिभेसारखं झणझणीत झालंच पाहिजे, असं लेखक म्हणतात. तसं करायला तयार नसलेलं एक हॉटेल माझ्या घराजवळ आहे, आणि त्याची गिऱ्हाइकंच आता त्याला ते करायला भाग पाडताहेत. त्या हॉटेलाच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

हॉटेल माहीमचं, जेवण जर्मन. लेडी जमशेटजी रोडवरून आत वळलं की एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर मोजकी टेबलं मांडलेली दिसतात. नाव लिहीत नाही, कारण मला त्यांची जाहिरात करायची नाही आणि त्यांनीही मला लिहायला सांगितलेलं नाही. मालक इथलाच, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरातला. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कुटुंबाच्या खाणावळीत त्याने बरीच वर्षं स्वयंपाकी म्हणून काढली. बायको तिकडची, श्वाबिया भागातली. गल्ल्यावर मालकाची आई बसते आणि मुलगा कॉलेज सांभाळून संध्याकाळी वाढायला येतो. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. समारंभ, शिष्टमंडळं, वाइन महोत्सव यांच्या बातम्या आपण वाचतो, पण त्या शहराकडचं रोजचं जेवण मुंबईच्या माणसाला बसून खाता येईल अशी जागा मला तरी ही एकच ठाऊक आहे.

मला तिथे ओढून नेलं ते कोबीने. परळच्या एका रुग्णालयात जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे आंबवलेलं काहीही दिसलं की मी थांबते. स्वयंपाकघराच्या आत चिनी मातीच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या आणि मी मालकाच्या बायकोला, त्या जर्मन बाईंना, बरण्यांबद्दल विचारलं. त्यांनी मला हाताला धरून आतच नेलं.

झाउअरक्राउटला, म्हणजे आंबवलेल्या कोबीला, लागतो तो कोबी आणि मीठ, आणखी काही नाही. व्हिनेगर नाही, तेल नाही. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, शंभर भागांना दोन भाग या हिशेबाने मीठ चोळायचं, आणि पाणी सुटेपर्यंत मुठीने दाबत राहायचं. मग त्याच पाण्यात तो पुरता बुडून राहील असं वजन वर ठेवायचं, कारण वर आलेल्या कोबीला हवा लागली की बुरशी धरते. बाहेरून विरजण घालावं लागत नाही. कोबीच्या पानावर असलेले जिवाणूच कामाला लागतात. आधी ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस वाढतो, वायू सोडतो, आंबटपणा आणतो. आम्ल फार झालं की तो मागे पडतो आणि आम्ल सोसणारा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम उरलेलं काम पुरं करतो. हाच ल्यूकोनॉस्टॉक आपल्या इडलीच्या पिठातही असतो. माझ्या नोकरीत मी ज्या जंतूंच्या मागे होते ते माणसाला आजारी पाडणारे. माणसाला जेवू घालणारे जंतू असे बरण्या भरभरून कामाला लागलेले बघून मला केवढा आनंद झाला, तो शब्दांत सांगणं अवघड आहे.

पण मुंबईत हे सोपं नाही. तिकडे तळघराच्या गारव्यात, अठरा-वीस अंशांत, कोबी आठवडे न् आठवडे सावकाश आंबतो आणि करकरीत राहतो. आपल्याकडे मे महिन्यात तीच बरणी बाहेर ठेवली तर आंबण्याची घाई होते, कोबी लिबलिबीत पडतो आणि वासही उग्र येतो. म्हणून त्या बाई एका वेळी थोडाच घालतात आणि बरण्या एका छोट्या खोलीत एसी लावून ठेवतात. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर पंखे आहेत, एसी कोबीला आहे. वाढताना तो तेजपान, ज्युनिपरची फळं आणि थोडं कॅरवे घालून मंद शिजवतात. कॅरवे म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचं. शेजारी डुकराच्या मांसाचा भाजलेला तुकडा आणि उकडलेला बटाटा. मांसाची चरबी आणि कोबीचा आंबटपणा एकाच घासात आले की दोन्ही हलके लागतात.

आणि या कोबीवर लोक चाट मसाला मागतात.

मी शेजारच्या टेबलावर हे ऐकते. "भैया, थोडा तिखा करके लाओ ना." श्निट्झेल, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ काप, आलं की शेजवान चटणी हवी असते. नाही मिळाली तर घरी जाऊन फोनवर एक तारा देतात आणि खाली 'बेचव' असं लिहितात. असे शेरे वाचून वाचून मालक आता म्हणतो, की पावसाळ्यानंतर मेन्यू बदलावा, 'तंदुरी श्निट्झेल' वगैरे सुरू करावं. त्याच्या आईला ते पसंत नाही, बायकोला तर मुळीच नाही. पण जागेची डागडुजी, गॅस, पगार यांना पैसे लागतात, आणि त्या माणसावर मी रागावू शकत नाही.

श्निट्झेलवर सॉस का नको, याचं उत्तर करण्याच्या पद्धतीतच आहे. मांसाचा काप थापटून चार-पाच मिलिमीटर जाड करायचा. मैदा, मग फेटलेलं अंडं, मग पावाचा चुरा. चुरा इथे आदल्या दिवशीच्या ब्रून पावाचा असतो, जवळच्याच बेकरीतला. तो चुरा हाताने दाबायचा नाही, नुसता लागू द्यायचा. मग भरपूर तुपात सोडून पॅन सारखा हलवत राहायचं, म्हणजे गरम तूप वरूनही फिरतं, आत वाफ धरते, आणि कवच मांसापासून सुटून फुगतं, त्याला सुरकुत्या पडतात. हे सगळं ते कवच कोरडं आणि कुरकुरीत राहावं म्हणून. वर लिंबू पिळायचं आणि खायचं. चटणी ओतलीत की मिनिटभरात त्याचा लगदा होतो आणि स्वयंपाक्याची सगळी मेहनत त्या लगद्यात जाते. जर्मनीत श्निट्झेलवर मशरूमची ग्रेव्ही घालण्याचीही रीत आहे, पण तो पदार्थ वेगळ्या नावाने मागवतात.

नावाच्या बाबतीत ते लोक फार काटेकोर आहेत आणि मला ते आवडतं. 'वीनर श्निट्झेल' हे नाव तिकडे फक्त वासराच्या मांसाला लावता येतं. डुकराच्या मांसाचं केलं तर तसं वेगळं लिहावं लागतं. माहीमच्या मेन्यूवर ते डुकराच्या मांसाचं आहे असं स्पष्ट छापलेलं आहे. आपल्या राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे झाउअरब्राटनही (व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेलं मांस) इथे म्हशीच्या मांसाचं होतं, आणि तेही मेन्यूवर लिहिलेलं आहे. कायदा पाळला, साहित्य बदललं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं. असा बदल मला मान्य आहे. पद्धत जिथल्या तिथे आहे, चवीचा रोख तोच आहे, कुणाची फसवणूक नाही.

झाउअरब्राटनबद्दल थोडं सांगायलाच हवं. मांसाचा मोठा तुकडा व्हिनेगर, पाणी, कांदा, गाजर, लवंग, मिरी, तेजपान यांत कित्येक दिवस मुरवतात, मग त्याच पाण्यात तासन् तास मंद शिजवतात. ऱ्हाइनकाठचे लोक त्यात बेदाणे घालून गोडसर करतात. श्वाबियाकडे तसं करत नाहीत. सून पहिल्यांदा हे करत होती तेव्हा सासूने शेजारी उभं राहून मिरी किती, लवंग किती ते सांगितलं म्हणे, कारण ईस्ट इंडियन घरात डुकराच्या मांसाचं इंद्याल व्हिनेगरमध्येच होतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. दोघींना एकमेकींची भाषा तेव्हा येत नव्हती. हे मला त्या आजींनीच सांगितलं, गल्ल्यावर सुटे पैसे मोजता मोजता.

आता मूळ मुद्द्यावर येते. 'आपली जीभ' म्हणून जे काही सांगितलं जातं ते मला खोटं वाटतं. गरम भात, साधं वरण, वर तूप, लिंबू आणि मीठ. यात मिरचीचा तुकडा नसतो आणि त्याला बेचव म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. सणाच्या पानात पहिला घास त्याचाच असतो. मेतकूट-भात, ताकाची साधी कढी, आजाऱ्याची पेज, उकडलेल्या शेंगा, सोलकढी हे सगळं आपलंच आहे. सौम्य चव ओळखायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. ती आपण घरी ओळखतो आणि हॉटेलात शिरताना दाराबाहेर ठेवतो. हॉटेलचं खाणं म्हणजे तिखट, तेलकट आणि लाल, ही सवय गेल्या काही वर्षांत लागलेली आहे. ती मराठी जिभेच्या नावावर खपवू नये.

यावर कुणी म्हणेल, पदार्थ फिरतात आणि बदलतातच. अगदी खरं. बर्लिनमध्ये हेर्टा हॉयव्हर या बाईंनी ४ सप्टेंबर १९४९ रोजी सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालून विकायला सुरुवात केली, आणि आज करीवुर्स्ट हा जर्मनीभर खाल्ला जाणारा पदार्थ आहे. आपल्या मुंबईत नेल्सन वँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, असं सांगितलं जातं, आणि ते देशभर पोचलं. दोन्ही मला आवडतात. पण हॉयव्हरबाईंनी आपल्या सॉसेजला भारतीय जेवण म्हटलं नाही, नवं नाव दिलं. मंचुरियनचं मात्र असं झालं, की दोन पिढ्या तेच चिनी जेवण समजून वाढल्या आणि खरं चिनी जेवण देणाऱ्याला मुंबईत 'हे चायनीज नाहीच' असं ऐकून घ्यावं लागतं. नवा पदार्थ जरूर करा, त्याला नवं नाव द्या. जुन्याची जागा बळकावून त्याचंच नाव लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि एखादा पदार्थ एकदा विसरला गेला की तो परत आणणं किती कठीण असतं, याची एक हकीकत त्याच श्वाबियातली आहे. तिकडे मसूर आणि श्पेट्झ्ले (अंडं घातलेल्या पिठाच्या उकडलेल्या जाडसर शेवया) हे घरोघरचं जेवण. श्वाबियाच्या डोंगरपठारावर पूर्वी तिथलाच मसूर पिकायचा. काम फार, उत्पन्न कमी, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शेतकऱ्यांनी तो सोडला, आणि बियाणंही नाहीसं झालं. लोक बाहेरून आलेला मसूर खाऊ लागले. काही शेतकरी जुनं वाण शोधत राहिले आणि ते २००६ मध्ये सापडलं कुठे, तर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात. त्या मूठभर बियांपासून वाढवत वाढवत आज तिथे पुन्हा त्या मसुराची शेती होते. त्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या आजीने तो मूळ मसूर खाल्लेला, आईच्या वाट्याला तो आलाच नाही.

माहीमला अर्थात आपलाच अख्खा मसूर असतो. कांदा, गाजर, थोडं परतलेलं पीठ घालून दाटसर शिजवतात आणि शेवटी व्हिनेगर. तो शेवटचा चमचा पडला की सगळी चव उठते. श्पेट्झ्लेसाठी मैदा, थोडा बारीक रवा, अंडी, मीठ, पाणी. पीठ लाकडी चमच्याने बुडबुडे येईपर्यंत जोराने फेटायचं, ओल्या फळीवर पसरायचं आणि सुरीने बारीक बारीक कातरत उकळत्या पाण्यात पाडायचं. वर तरंगले की काढायचे. यंत्रही मिळतं, पण मालक अजून फळीवरच करतो आणि त्याचा हात इतका भराभर चालतो की बघत राहावं. 'श्वाबियाचे श्पेट्झ्ले' या नावाला युरोपियन संघाने २०१२ मध्ये भौगोलिक संरक्षण दिलं. आपल्या कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. हापूसच्या नावाने दुसरा आंबा पेटीत भरला की आपल्याला किती राग येतो! तोच न्याय दुसऱ्याच्या पदार्थालाही लावावा.

माझे यजमान मांस खात नाहीत. ते तिथे मसूर-श्पेट्झ्ले आणि बटाट्याचं सॅलड खातात. हे सॅलड मेयोनीजचं नव्हे. नवे बटाटे गरम असतानाच सोलून काप करायचे, त्यावर गरम रस्सा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, कांदा आणि तेल. बटाटा ते सगळं शोषून घेतो. म्हणजे जर्मन जेवण म्हणजे नुसतं मांस आणि बिअर, हा समजही बरोबर नाही. (यजमानांसाठी रश्शात मांस घालत नाहीत, भाज्यांचा करतात, न मागता करतात.)

कुटुंबाने चालवलेली खाणावळ टिकवणं तिकडेही सोपं नाही. कोविडच्या काळात जर्मन सरकारने हॉटेलातल्या जेवणावरचा कर १९ वरून ७ टक्क्यांवर आणला होता, २०२४ च्या जानेवारीत तो परत १९ झाला आणि खेड्यातल्या खाणावळींनी बरीच ओरड केल्यावर २०२६ पासून पुन्हा ७ केला आहे. आपल्याकडे गिरगावातल्या खाणावळी एकेक करून मिटल्या, त्या आम्ही डोळ्यांदेखत पाहिल्या. पण बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ पासून उभं आहे, आणि तिथल्या बेरी पुलावात आजही इराणची आंबट फळं पडतात. त्यात कुणी शेजवान घालायला सांगत नाही. मुंबईने त्यांना त्यांच्यासारखं राहू दिलं, म्हणून ते राहिले. हीच मोकळीक माहीमच्या या घराला मिळावी.

घरपोच पाठवत नाहीत, हीही लोकांची एक तक्रार. डब्यात बंद केलेलं श्निट्झेल वाफेने मऊ पडतं आणि वाटेत त्याचं काय होतं ते मालकाला माहीत आहे, म्हणून तो पाठवत नाही. आपल्या पदार्थाची एवढी काळजी करणाऱ्याला तारे कमी पडतात, याचं मला वाईट वाटतं.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत हॉटेलांबद्दल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. एखादा पदार्थ कसा लागला हे लिहिण्याआधी तो मुळात कसा असायला हवा, हे दोन ओळींत वाचकाला सांगा. तिखट नाही हा दोष म्हणून लिहायचा की तो पदार्थच तसा आहे हे सांगायचं, एवढा फरक केलात तरी अशा घरांना मोठा आधार होईल. मिरची कमी आहे म्हणून एक तारा देणाऱ्या वाचकांनाही सांगते: ऑर्डर देण्याआधी वाढणाऱ्या मुलाला विचारा, तो सगळं नीट समजावून सांगतो, मराठीत सांगतो. पहिल्यांदा जाणार असाल तर मसूर आणि श्पेट्झ्लेने सुरुवात करा, बरोबर थोडा कोबी घ्या. झाउअरब्राटन हवं असेल तर मात्र चार दिवस आधी कळवावं लागतं. मांस मुरायला तेवढे दिवस लागतातच, आणि त्यात घाई केलेली त्या बाईंना चालत नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
शिवाजी पार्क, दादर (पश्चिम), मुंबई
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)